पत्ते की क्रिकेट?

डॉक्टर शेट्यांनी दिगंबरच्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडला, त्याची नीट गुंडाळी केली आणि पाऊसपाण्याचं विचारावं तसं विचारलं, "पत्ते खेळता की क्रिकेट?"

पन्नाशी ओलांडलेला माझा नवरा कसलं क्रिकेट खेळणार? मी तसं म्हणालेही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "वहिनी, मी यांना विचारलं. आणि मोबाईलवरचं विचारतोय."

दिगंबर स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. मग म्हणाला, "रमी."

"रोज?"

"व्हय."

"गेलेले परत आणायला पुन्हा खेळता?"

"आता त्याच्यासाठीच खेळतो. मजा कवाच गेली."

डॉक्टरांनी केसपेपरवर दोन शब्द लिहिले आणि आम्हाला वाचून दाखवले. गॅम्बलिंग डिसऑर्डर. मग सोपं करून सांगितलं: जुगाराचा आजार. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, घरच्यांपासून लपवावं लागतं, हरलेलं भरून काढायला पुन्हा बसावं लागतं आणि खेळ नसला की जीव चिडचिडा होतो. दारूसारखाच धरतो, फक्त तोंडाला वास येत नाही.

"बरा होतो?" मी विचारलं.

"ताब्यात राहतो. डायबेटीस राहतो तसा. आता तुम्ही जरा बाहेर बसा."

लग्न झाल्यापासून नवऱ्याची दुखणी डॉक्टरांना मीच सांगत आले आहे. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, काय खाल्लं होतं, सगळं मी सांगायचं आणि त्याने मान हलवायची. बाहेर बसायची माझी ही पहिलीच वेळ. समोरच्या भिंतीवर डेंग्यूच्या डासाचं मोठं चित्र होतं. त्या डासाकडे बघत मी मनातल्या मनात नवऱ्याशी भांडायला सुरुवात केली.

हे मी त्यांच्यासाठी लिहिते आहे, ज्यांच्या घरात कोणीतरी उशीखाली मोबाईल ठेवून जागं राहतं आणि घरचे त्याची थायरॉइडची तपासणी करून आणतात. आम्ही तेच केलं. दिगंबरने हा मजकूर वाचला आहे. एक वाक्य खोडलं, बाकीचं राहू दे म्हणाला. लिहिताना मी त्याला एकेरीत लिहिते, समोर 'अहो'च म्हणते.

आम्ही रोह्याजवळ निडीला राहतो. मी रोह्यातल्या एका वाचनालयात काम करते. दिगंबर पेणजवळ हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. साचे भरणारे पुष्कळ असतात, रंगाचा फवारा मारणारेही असतात. डोळ्यांना मात्र हात ठरलेला असतो आणि त्या कारखान्यात तो दिगंबरचा आहे.

त्याची एक पद्धत आहे. डोळे आखून झाले की ब्रश कानावर खोचायचा, मूर्ती घरात ज्या उंचीवर बसेल तेवढ्या उंचीच्या फळीवर ठेवायची आणि मागे सरकून, आरतीला माणूस जिथे उभा राहील तिथून बघायचं. मूर्ती आपल्याकडे बघते का? नसेल बघत तर बुबुळ केसभर सरकवायचं आणि पुन्हा मागे जायचं. नवीन कारागीर हसतात. म्हणतात, दिगूदादा दिवसातून अर्धा कोस उलटा चालतो.

आजाराची पहिली खूण आषाढात दिसली. ते कारखान्यातले सगळ्यात घाईचे दिवस. छातीत धडधड, झोप नाही, आंबट ढेकर, सैल झालेली पँट. एकदा पेण स्टेशनवर गाडीतून उतरताना चक्कर आली. घरात बोलणं कमी झालं. मी म्हटलं, सीझनचा ताण असेल. तो सारखा मोबाईलमध्ये असायचा हे मला दिसत होतं, पण आजकाल कोण नसतं? वाचनालयात लोक माझ्यासमोर उभे राहून मोबाईलकडे बघत पुस्तक मागतात.

आणि संशय घ्यावा असं त्याच्यात काही नव्हतंच. दारू नाही, विडी नाही, तंबाखूची पुडी नाही. त्याच वर्षी एका मंडळाने त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि मागे फलक: 'निर्व्यसनी मूर्तिकलावंत'. प्रमुख पाहुणे उशिरा आले, लवकर गेले आणि मधल्या वेळात त्यांनी तरुणांना दिगंबरचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवायला सांगितलं. आदर्श व्यासपीठावर बसून शालीखाली काहीतरी चाळवत होता. मी पहिल्या रांगेत होते. मला वाटलं, बिचारा लाजतोय.

गणपती झाल्यावर तब्येत आणखी उतरली, तेव्हा नातेवाइकांनी ठरवलं, मोठ्या ठिकाणी दाखवायचं. पनवेलच्या बाजूला एक हॉस्पिटल होतं. दारातच संगमरवरी फरशी आणि पियानो. वाजवणारं कोणी नव्हतं. टाय लावलेली एक मुलगी आम्हाला या मजल्यावरून त्या मजल्यावर नेत होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवरचं पद इतकं लांब होतं की ते वाचून होईपर्यंत लिफ्ट यायची.

ईसीजी झाला, म्हणजे हृदयाचा आलेख. टूडी इको झाली, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. टीएसएच झालं, ते थायरॉइडसाठी. एंडोस्कोपी झाली, म्हणजे घशातून नळी घालून पोट बघणं. चक्कर आली होती म्हणून डोक्याचा एमआरआयही झाला. प्रत्येक तपासणीच्या आधी गुबगुबीत खुर्च्यांवर बसून वाट बघायची. मी जपमाळ ओढल्यासारखी भिंतीवरचं घड्याळ बघायचे. दिगंबर मात्र कमालीचा शांत असायचा. त्याच्या धीराचं मला कौतुक वाटायचं. तो रमी खेळत असे.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तिथले डॉक्टर सभ्य होते, हे सांगायला हवं. विचारायचे ते प्रश्न त्यांनी विचारले. दारू? सिगारेट? तंबाखू? तिन्हींना त्याने खरं उत्तर दिलं, नाही. चौथा प्रश्न कोणाच्या कागदावर छापलेलाच नव्हता. ताण घेऊ नका असं सांगून त्यांनी एक चकचकीत फाइल हातात दिली.

ती फाइल घेऊन आम्ही रोह्याला डॉक्टर शेट्यांकडे गेलो. आमच्या घरातली दोन माणसं त्यांच्या औषधावर जगली आणि एक त्यांच्या हाताखाली शांतपणे गेलं, इतकी जुनी ओळख. दवाखान्यात दोन बाकं, नंबरासाठी प्लास्टिकचे बिल्ले आणि तो डास. त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "रिपोर्ट उत्तम आहेत. पेशंट नाही." मग बीपी घेतलं, आणि पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

मला पुन्हा आत बोलावलं तेव्हा दिगंबरचे डोळे लाल होते आणि खांदे मात्र सैल पडले होते. मी डॉक्टरांना विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

डॉक्टरांचा घरचा गणपती दरवर्षी दिगंबरच्या हातचा असतो. ते म्हणाले, "वहिनी, या वर्षी माझा गणपती माझ्याकडे बघत नव्हता. आरतीत मी उजवीकडे सरकलो, डावीकडे सरकलो. शेवटी बायको म्हणाली, अहो, घंटा एका जागी उभं राहून वाजवा. तो आपला मांडीकडे बघत बसलेला. पाचही दिवस. तेव्हाच मनात आलं, दिगंबररावांचं काहीतरी बिनसलंय. नंतर तुम्ही ही फाइल घेऊन आलात. यात सगळं तपासलंय, फक्त डोळे आखताना ते कुठे बघत होते ते नाही. खाली मांडीकडे बघायला लावतो तो मोबाईल, आणि झोप उडवतो तो त्यातला पैशांचा खेळ."

दिगंबर हळूच म्हणाला, "मोबाईल मूर्तीच्या मांडीला टेकवलेला असायचा. डाव चालू असायचा."

"आणि मागे सरकून बघणं?" मी विचारलं.

"टाइम कुठे होता गो? पानं यायची ना."

एकट्या डॉक्टरांचाच गणपती तसा झाला होता असं नाही. त्या वर्षी पेणेतून किती घरांत मांडीकडे बघणारे गणपती गेले, देव जाणे. बहुतेकांना तो विनय वाटला असेल.

डॉक्टरांनी एक गोष्ट कबूल केली, ती मला फार आवडली. म्हणाले, "मीसुद्धा दारू विचारतो, तंबाखू विचारतो. पत्ते कधी विचारत नव्हतो. पेशंट स्वतःहून सांगत नाही, कारण त्याला वाटतं हा डॉक्टरचा विषय नाही. आणि डॉक्टरलाही तसंच वाटतं." आता ते बीपी घेताना सगळ्यांना विचारतात. आमच्या आळीतल्या एका आजींनाही विचारलं. आजी अजून रागावलेल्या आहेत.

जीव द्यावासा वाटतो का, हेही त्यांनी मला बाहेर बसवून त्याला सरळ विचारलं होतं. मला ते पुष्कळ दिवसांनी कळलं. दिगंबरने खोडलेलं वाक्य इथे होतं.

किती गेले, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. "तो आकडा घरी बसून वहिनींना सांगा. एकदाच सांगा आणि पूर्ण सांगा." त्याने सांगितला. तो दिवस कसा गेला ते लिहीत नाही आणि आकडाही देत नाही. आकडा वाचला की वाचणारा आपला त्याहून लहान आहे म्हणून निर्धास्त होतो.

उपचार कसले, असं लोक विचारतात. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय बंद केली. बँकेचं खातं दोघांच्या सहीचं केलं. दिगंबरकडे बटणांचा साधा फोन आला. हे कुंपण झालं. डॉक्टर म्हणाले, कुंपणाने गाय थांबते, भूक थांबत नाही. भुकेसाठी त्यांनी पनवेलच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंना आमच्यासमोरच फोन लावला.

दिगंबर अडून बसला. "मी वेडा नाय."

"नाहीच आहात," डॉक्टर म्हणाले. "वेडं कोणी असतं तर इतकं नीट लपवता आलं नसतं. छातीत दुखलं असतं तर हृदयवाल्याकडे पाठवलं असतं. तसंच हे. आणि मी तुम्हाला सोडत नाही. त्यांच्याकडे त्या सांगतील तेव्हा, माझ्याकडे दर महिन्याला."

या शेवटच्या वाक्यावर तो उठला. आपल्याला कोणी दुसरीकडे ढकलत नाही, एवढी खात्री त्याला हवी होती.

त्या बाईंनी उदासीवर काही महिने घ्यायची एक गोळी दिली आणि सीबीटी सुरू केली. कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी असं तिचं लांबलचक नाव. मी वाचनालयातून यावरची दोन पुस्तकं आणली, दोन्ही इतकी उत्साही होती की थकून परत केली. प्रत्यक्षात ती साधी गोष्ट आहे. डोक्यात जे येतं ते पकडायचं आणि खरं आहे का ते बघायचं. 'आता इतके डाव गेले, म्हणजे पुढचा येणारच,' हे दिगंबरच्या डोक्यात यायचं. पानांना मागचे डाव आठवत नाहीत, हे त्याला समजायला वेळ लागला. आमच्या घरात माणसांना सगळं आठवतं, त्यामुळे असेल.

दुसरा शब्द क्रेव्हिंग, म्हणजे ओढ. ती लाटेसारखी चढते आणि धरून ठेवली नाही तर उतरते. हे दिगंबरला पटेना. डॉक्टर शेट्यांनी महिन्याच्या भेटीत त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. "डोळे आखल्यावर तुम्ही काय करायचात?"

"मागे सरकून बघायचो."

"मग ओढ आली की तेच करा. ब्रश ठेवा, उठा, मागे सरका आणि बघा, ही ओढ मला कुठे बघायला लावतेय."

तो खरंच उठायचा. जेवताना, बोलताना, एकदा तर निडीच्या फलाटावर लोकांत उभा असताना. सरळ मागे मागे जायचा. तिथल्या एका म्हातारीने मला विचारलं, "गो, तुझ्या घरवाल्याला गाडीचं भ्या वाटतं काय?"

या काळात मी काय करत होते? मी पोलीस झाले होते. साधा फोन उघडून बघायचा, खिसे चाचपायचे, कारखान्यात फोन करून खोटं कारण सांगून तो आहे का ते विचारायचं. मला वाटे, यालाच काळजी म्हणतात. डॉक्टरांनी एका भेटीत माझंही बीपी घेतलं. वाढलं होतं. म्हणाले, "वहिनी, व्यवहार तुमच्या हातात राहू द्या. पण खिसे सोडा. तुम्ही इतक्या जवळ उभ्या आहात की तुम्हालाही तो नीट दिसत नाही."

मला राग आला. दोन दिवस मी खिसे सोडले नाहीत. मग सोडले.

शिमग्याला तो घसरला. दुसऱ्या कोणाचा मोबाईल मागून घेऊन एक दुपारभर खेळला. याला रिलॅप्स म्हणतात, म्हणजे उलटणं. मला कळलं ते त्यानेच घरी येऊन सांगितलं म्हणून. डॉक्टरांनाही त्यानेच सांगितलं. मला वाटलं, आता तरी ते दोन शब्द सुनावतील. त्यांनी विचारलं, "त्या दुपारी त्याआधी काय झालं होतं?" कारखान्यात कोणीतरी मांडीकडे बघणाऱ्या गणपतींवरून टोमणा मारला होता. "म्हणजे टोमणा जपून घ्यायचा," डॉक्टर म्हणाले आणि केसपेपरवर लिहिलं. औषधाच्या ॲलर्जीची नोंद करतात, त्या जागी लिहिलं.

मग पुन्हा सीझन आला. कारखान्याच्या शेठने त्याला सुरुवातीला वस्त्रांच्या किनारी रंगवायला बसवलं. डोळे दुसऱ्याकडे दिले. दिगंबरचं जेवण कमी झालं. ज्येष्ठ सरता सरता शेठने एक मूर्ती त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "घे. बघू." त्याने आखली, ब्रश कानावर खोचला आणि मागे गेला. खाली बसला, उठला, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. शेठ म्हणाला, "दिगू, लगीन नाय लावायचं रे तिच्याशी." दुसऱ्या दिवशी डोळे परत त्याच्याकडे आले.

डॉक्टरांचा गणपती त्याने स्वतः रोह्याला नेऊन दिला. चतुर्थीला सकाळीच डॉक्टरांचा फोन आला. "दिगंबरराव, बघतोय. पण जरा रागानेच बघतोय."

"दवाखाना बंद ठेवून आरती करताय ना, म्हणून असेल," दिगंबर म्हणाला. किती तरी दिवसांनी त्याने कोणाची चेष्टा केली.

खरी परीक्षा आमच्याच घरात होती. आमच्याकडे गणपतीत पत्ते खेळतात. गणपतीपुढे खेळलेले पत्ते जुगारात धरत नाहीत, भजनानंतरचा कार्यक्रम म्हणून धरतात. दिगंबरची सुरुवात तिथेच झाली होती. हे घरात सांगून टाका, असं डॉक्टर वर्षभर सांगत होते आणि दिगंबर वर्षभर मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली. दिगंबरचा चुलतभाऊ बाळाराम, कंपनीत शिफ्ट करणारा, घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, त्याने चटई पसरली. "दादा, ये रे. एक गडी कमी हाय."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझ्या तोंडाशी आलं होतं, त्यांचं डोकं दुखतंय. मी तोंड मिटून घेतलं.

दिगंबर म्हणाला, "मला डॉक्टरांनी मना केलंय."

"आँ? गोड मना करतात, मीठ मना करतात. पत्ते कुठल्या रोगाला मना?"

"जुगाराच्या. मला तोच झालाय. औषध चालू हाय."

बाळारामने पत्ते पिसले, पुन्हा पिसले. "मग तू काय करणार दुपारभर? गणपतीकडे बघत बसणार?"

"व्हय," दिगंबर म्हणाला. "मीच आखलेत डोळे. बघतो तरी बरोबर आलेत का."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. ते खेळले, आणि दिगंबर मागे सरकून, भिंतीला टेकून बसला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, पण बसला. थोड्या वेळाने मी चहा टाकला आणि, दिगंबरला गोड काही मना नव्हतं, म्हणून त्याच्या कपात नीट दोन चमचे साखर घातली.

विसर्जन झालं. त्यानंतर एका सकाळी बाळाराम मागच्या दाराने आला. तो कधी मागच्या दाराने येत नाही. मी भांडी घासत होते तिथे उभा राहून म्हणाला, "वैनी, दादाचा तो डॉक्टर कवा बसतो?"

"का हो भावोजी, बीपी आहे काय?"

"बीपी पण हाय."

मी वेळ सांगितली. दुसरं काही विचारलं नाही. हे मला पूर्वी जमलं नसतं.

आता दिगंबर बरा आहे, म्हणजे ताब्यात आहे. एक ॲप बंद झालं की दुसरं निघतं, असं तोच सांगतो. महिन्याची भेट चालू आहे. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर पियानोवाल्या हॉस्पिटलात जायच्या आधी रोजच्या डॉक्टरकडे जा. त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. ज्याने तुमच्या घरातला ताप, गोवर आणि बाळंतपणं बघितली आहेत, त्याला हेही बघता येतं. शेट्यांचा कोणी सत्कार करील असं मला वाटत नाही. त्यांच्या भिंतीवर शालीला जागाही नाही, तिथे डास आहे.

बाळाराम एकटा जायला तयार नव्हता, म्हणून आम्ही दोघंही गेलो. तो दिगंबरला घेऊन आत गेला. मला कोणी सांगायच्या आधीच मी बाहेर बाकावर बसले आणि पिशवीतून पुस्तक काढलं. दार नीट लागत नाही, त्यामुळे बीपीचा पट्टा सुटल्याचा आवाज आला आणि मग डॉक्टरांचा.

"पत्ते खेळता की क्रिकेट?"

इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आतून फक्त त्याची खुर्ची करकरली. मग दिगंबरचा आवाज आला, हळू, नवीन पोराला ब्रश धरायला शिकवतो तसा.

"सांग बाळा. ते ओरडत नाय."